अंधाऱ्या खिडकीतल्या तुळशीसाठी साधा एलईडी

आमच्या दादरच्या घरात खिडकीला खेटून शेजारची इमारत. तुळस, पुदिना नुसते लांबुळके वाढून माना टाकायचे.

जांभळ्या उजेडाचा ग्रो लाइट (रोपं वाढवायचा खास दिवा) घेऊ नका, घराचा ऑर्केस्ट्रा बार होतो. ९ वॉटचा, ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा साधा पांढरा एलईडी बल्ब क्लिपवाल्या होल्डरमध्ये शेंड्यापासून वीतभर वर लावा. टायमर प्लगवर सकाळी ७ ते संध्याकाळी ७. महिन्याला जेमतेम सव्वातीन युनिट.

मग दर आठवड्याला नवी पेरं बघा. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढत असेल तर बल्ब खाली आणा. वरचीच पानं पांढरट पडली तर वर न्या. रात्री मात्र बंदच, रोपालाही अंधार लागतो.

पाणी फवारताना आधी स्विच बंद. होल्डरवर थेंब नको.