जुन्या टीव्हीला रंग देणारी यंत्रे : दुर्मिळ कन्व्हर्टर कसे ओळखावेत, घ्यावेत आणि जपावेत

कृष्णधवल दूरचित्रवाणी संचाला रंगीत चित्र दाखवायला लावणारी जोडयंत्रे अमेरिकेत मुख्यतः १९५० ते १९५५ या थोड्या काळात तयार झाली. त्यांपैकी आज संग्राहकाच्या हाती लागतील अशी फारच थोडी उरली आहेत. असे यंत्र समोर आले की किंमत, चकाकी आणि निर्मात्याचे नाव पाहण्याआधी ते कोणत्या रंगीत प्रक्षेपणासाठी बनले होते, हे शोधून काढावे. पुढची सगळी निवड, अगदी दुरुस्तीसुद्धा, त्यावरच अवलंबून असते.

पहिले प्रक्षेपण सीबीएस कंपनीचे. पीटर गोल्डमार्क यांनी विकसित केलेल्या या पद्धतीला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर १९५० मध्ये मान्यता दिली. तीत लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांची चित्रे एकामागून एक पाठवली जात. पडद्यावर उमटे ते कृष्णधवल चित्रच, पण त्याच्यासमोर त्याच ठेक्यात फिरणारी रंगीत फिल्टरांची चकती डोळ्यांना रंग दाखवत असे. नेहमीच्या संचात चित्राच्या ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे) असत, तर सीबीएसच्या पद्धतीत ४०५ रेषा आणि १४४ फील्ड होती, त्यामुळे साध्या संचावर हे प्रक्षेपण ओळखू येण्याजोगे दिसतही नसे. २५ जून १९५१ रोजी न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या शहरांत व्यावसायिक प्रक्षेपण सुरू झाले आणि कोरियन युद्धाच्या काळातील सरकारी निर्बंधांमुळे त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरनंतर थांबले. एवढ्या कमी अवधीत बनलेली यंत्रे दुर्मिळ असणारच.

या गटात दोन वेगळ्या वस्तू येतात आणि विक्रेते त्यांची सर्रास गल्लत करतात. अडॅप्टर संचाच्या आडव्या आणि उभ्या रेखनाची, म्हणजे पडद्यावर रेषा काढण्याची, गती बदलून सीबीएसचे रंगीत कार्यक्रम केवळ कृष्णधवल दाखवी. चकती, मोटर आणि तिला ठेक्यात ठेवणारे सर्किट असलेला कन्व्हर्टर त्या चित्राला रंग देई. त्यामुळे चकती नसलेली पेटी म्हणजे अपुरा कन्व्हर्टर असेलच असे नाही. ती मुळातच पूर्ण असा अडॅप्टर असू शकते. आतील रेखन-सर्किट, स्विच आणि संचाकडे जाणाऱ्या तारा पाहूनच निर्णय घ्यावा.

दुसरा गट १७ डिसेंबर १९५३ नंतरचा आहे. त्या दिवशी अमेरिकेत मान्य झालेल्या एनटीएससी या रंगीत पद्धतीचे प्रक्षेपण जुन्या संचावर कृष्णधवल दिसत असे आणि रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या उपवाहकावर (संकेतातील दुय्यम लहरीवर) येत असे. १९५४ मध्ये आरसीए कंपनीच्या सीटी-१०० या रंगीत संचाची किंमत १००० डॉलर होती, म्हणून स्वस्त जोडयंत्राला गिऱ्हाईक मिळेल अशी आशा काही उद्योजकांना वाटली. इंडियाना राज्यातील कोलंबिया सिटी येथे बनलेला ‘कल-आर-टेल’ हा त्यांतला सर्वांत परिचित नमुना. त्यात व्हॉल्व्हची पेटी रंगाचा संकेत उलगडून तिन्ही रंग आळीपाळीने पिक्चर ट्यूबकडे पाठवी आणि पुढे चकती फिरे. अशा संकेतासाठी सहा पाकळ्यांची चकती मिनिटाला ६०० फेरे घेते, तर सीबीएससाठी तशीच चकती १४४० फेरे घेते. मोटरवरील माहितीची पट्टी आणि चकती फिरवणाऱ्या पुलींचे व्यास यांवरून हा वेग काढता आला, तर यंत्राचा गट कळतो. वर निळी, खाली हिरवी अशी पारदर्शक प्लास्टिकची रंगीत काच टीव्हीपुढे लावलेली महाराष्ट्रातील अनेक घरांनी पाहिली आहे. तशा काचा अमेरिकेतही विकल्या जात आणि आज काही जण त्यांनाही कन्व्हर्टर म्हणतात. त्या जरूर जमवाव्यात, परंतु त्यांसाठी यंत्राची किंमत देऊ नये.

शोधाची चांगली ठिकाणे म्हणजे जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्यांच्या घरसामानाचे लिलाव आणि पुरातन रेडिओ मंडळांचे विक्री-मेळावे. ओहायोतील हिलियार्ड येथील ‘अर्ली टेलिव्हिजन म्युझियम’ला भेट दिल्याखेरीज मोठी खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, खरे यंत्र जवळून पाहिल्यावर छायाचित्रांतील कमतरता डोळ्यांना आपोआप कळू लागते. त्या काळच्या मासिकांत कन्व्हर्टर घरी बनवण्याचे आराखडे छापून येत, म्हणून हाताने छिद्रे पाडलेली, नावाची पट्टी नसलेली पेटी लगेच टाकाऊ समजू नये. हौशी कारागिराचे ते काम त्या काळाचा तितकाच खरा पुरावा आहे, आणि सोबत त्याची हस्तलिखित टिपणे असतील तर मी ते कारखान्यातील अर्धवट यंत्रापेक्षा आधी घेईन.

खरेदी करताना पूर्णतेला सर्वाधिक महत्त्व द्यावे. चकती पडद्याच्या रुंदीच्या दुपटीहून मोठी असावी लागते, त्यामुळे ती अडगळ ठरून सर्वांत आधी फेकली जाई. पण नवी चकती कापता येते आणि लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांचे पत्रेही मिळतात. पेटीतील खास गुंडाळलेल्या कॉइल, संचाला जोडणारी केबल आणि जोडणीची पुस्तिका मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणून चकती नसली तरी चालेल, पण केबल मुळापासून कापलेली नसावी. मूळ फिल्टर जिलेटिनचे असल्यास ते ओलावा आणि उजेडाने खराब होतात. ते पुसू नयेत, आम्लरहित कागदात आडवे ठेवावेत आणि चालवण्यासाठी वेगळी चकती बनवावी. यंत्र ज्याला जोडायचे त्या संचाची निवडही नीट करावी: पुस्तिकेत सांगितलेल्या जोडणीला साजेसा, लहान पडद्याचा संच घ्यावा आणि ‘सॅम्स फोटोफॅक्ट’ या दुरुस्ती-पुस्तिकांमधील त्याचा आराखडा मिळवावा.

दशकानुदशके बंद असलेले यंत्र थेट विजेला कधीही जोडू नये. आधी मेणकागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासून बदलावेत, काढलेले मूळ भाग नोंदीसह पाकिटात ठेवावेत, आणि मगच सिरीज बल्ब (वीजमार्गातच जोडलेला दिवा) लावून डिमरस्टॅटने, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, विजेचा दाब हळूहळू वाढवावा. काही संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीवरच (आतील धातूच्या सांगाड्यावर) वीज येते, तेथे संचाला घरच्या विजेपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य आहे. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये उच्च दाबाचा भार उरतो. जुनी चकती तडकलेली असल्यास तिला फिरवूच नये, आणि कोणतीही चकती संरक्षक आवरणाशिवाय फिरवू नये. एनटीएससीच्या चकतीवर तिन्ही रंग मिळून सेकंदाला २० पूर्ण चित्रेच होतात. हा लुकलुकाट अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना घातक ठरू शकतो, याची पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी.

भारतात यंत्र आणणाऱ्यांचे केवळ २३० व्होल्टचे सुमारे ११७ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन भागत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि चकतीची मोटर ६० हर्ट्झसाठी बनलेली आहे, त्यामुळे ती मंद फिरते आणि रंग ठेक्यात बसत नाहीत. ६० हर्ट्झ देणारा इन्व्हर्टर लागतो. अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाल्याने संकेतही घरीच तयार करावा लागतो. एनटीएससी यंत्रासाठी त्या पद्धतीचा डीव्हीडी प्लेअर आणि त्याचे चित्र टीव्हीच्या चॅनेलवर पाठवणारा लहान मॉड्युलेटर पुरतो. सीबीएसच्या यंत्राला मात्र ४०५ रेषांचा आणि १४४ फील्डचा संकेत देणारा खास स्टँडर्ड्स कन्व्हर्टर (आजचा संकेत त्या पद्धतीत बदलणारे वेगळे उपकरण) लागतो, आणि त्याचा खर्च खरेदीच्या अंदाजात आधीच धरावा.