हेडटॉर्चचे सेल बदलले, तेव्हा कुठे डोक्याचा ताप गेला

आमच्याकडे डिचोलीत पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जायला हेडटॉर्च घेतलेला, पण तो दहा मिनिटांत मंद व्हायचा आणि एकदा चार्जरवर सेल इतका तापला की हात लावता येईना. सेल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले, वर छापलेलं ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप)! १८६५० साईजमध्ये (म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) साधारण ३५०० च्या फार वर सहसा मिळत नाही, हे मला नंतर कळलं. बायकोच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम, खरा सेल ४५ च्या आसपास भरतो.

मग भाच्याने सांगितलं, मामा एमएएच बघत बसू नका, आधी तो सतत किती अँपिअर (म्हणजे किती करंट) देऊ शकतो ते बघा. ई-सिगारेटवाले पण हेच सेल वापरायचे, त्यात करंट जास्त ओढला जातो; आणि सुटे सेल खिशात चाव्या-नाण्यांना लागून शॉर्ट होऊन फुटल्याच्या बातम्या यायच्या (आपल्याकडे २०१९ पासून त्यावर बंदीच आहे, बरंच झालं).

आता नावाजलेल्या कंपनीचे दोन घेतलेत, चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप बंद होणारा. सुटा सेल चाव्या-नाण्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, प्लास्टिकची डबी वीस-तीस रुपयांची, आणि वरचं कव्हर जरा जरी फाटलं तरी वापरायचा नाही कारण आतला अख्खा पत्रा मायनस असतो, प्लसच्या कडेला काही टेकलं की शॉर्ट. जुने दोन्ही टोकांना टेप मारून बाजूला ठेवलेत, ई-कचरावाल्याला द्यायचेत.