एटीव्हीचा मागचा एक्सल वाजतोय? बेअरिंग बदलण्याआधी प्ले कुठे आहे ते शोधा

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की गोव्यात बंद ठेवलेल्या एटीव्ही (जाड टायरांच्या, कच्च्या वाटांवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या) शेडमधून बाहेर निघतात. रिसॉर्टवाल्यांच्या, ॲडव्हेंचर पार्कवाल्यांच्या, आणि सत्तरी-पेडण्याकडे काजूच्या बागायतीत फिरायला घेतलेल्याही. पावसाळाभर दमट हवेत उभी असलेली गाडी पहिल्याच फेरीत मागून घरघरते आणि निदान तयारच असतं: "बेअरिंग गेलं." बरेचदा ते खरंही असतं. पण मागचं चाक हलण्याची किमान पाच कारणं आहेत. नवं बेअरिंग घालूनही थोड्या दिवसांत तोच आवाज येऊ लागला, तर तपासणी अर्धवट राहिली असं समजा.

इथली पद्धत चेनवर चालणाऱ्या, मागे एकच अखंड एक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे. मोठ्या युटिलिटी एटीव्हीत मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल, तर प्रत्येक चाकाचं बेअरिंग वेगळं असतं आणि हाफ शाफ्टच्या (त्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बूटला, म्हणजे आवरणाला, चीर पडली आहे का, तेही बघावं लागतं.

आधी गाडी नीट उचला

कोब्यावर, सपाट जागी गाडी घ्या. गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना ठोकळे. जॅक फ्रेमखाली लावा, स्विंगआर्मखाली (मागचा एक्सल धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या भुजेखाली) नको, कारण स्विंगआर्मचाही प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, बघायचा आहे. दोन्ही मागची चाकं अधांतरी आली की फ्रेमखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. दोन्ही टायरची हवा सारखी आहे ना, तेही बघून घ्या. एका बाजूला हवा कमी असली तरी गाडी एकीकडे ओढते आणि उगाच एक्सलवर संशय जातो.

प्ले कुठल्या सांध्यात आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक हात टायरच्या वर, एक खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. बेअरिंग असतात मधल्या कॅरिअरमध्ये (स्विंगआर्मला बोल्टने बसवलेल्या त्यांच्या घरात), चाक असतं लांब टोकाला. त्यामुळे बेअरिंगमधला केसाएवढा प्ले टायरच्या कडेला कितीतरी मोठा दिसतो. टायर किती हलतो हे बघून घाबरू नका. तो कुठून हलतो ते शोधा.

त्यासाठी दुसरा माणूस हवा. एकाने चाक हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. सरकलेलं डोळ्याआधी बोटाला कळतं. बाहेरून आत या:

रिम आणि हबच्या (एक्सलच्या टोकावरचा, चाक ज्यावर आवळतात तो भाग) मध्ये हालचाल असेल तर चाकाचे नट ढिले आहेत. हब आणि एक्सलच्या मध्ये असेल तर टोकाचा मोठा नट सैल झालाय किंवा स्प्लाइनचे, म्हणजे हब आणि एक्सल एकमेकांत अडकवणाऱ्या खाचांचे, दाते झिजलेत. एक्सल कॅरिअरच्या आत हलतोय तर संशय बेअरिंगवर. अख्खं कॅरिअरच स्विंगआर्ममध्ये हलत असेल तर त्याचे बोल्ट बघा. चेन ताणताना सैल केलेले बोल्ट पुन्हा आवळायचे राहून जाणं, हा प्रकार फार होतो. आणि स्विंगआर्मच फ्रेमपाशी डुलत असेल तर तिथले बुश गेले.

आता चाक धरून एक्सल डावी-उजवीकडे ढकला. एक्सल सरकत असेल तर स्प्रॉकेटजवळचे किंवा डिस्कजवळचे मोठे लॉकनट आधी तपासा. ते नीट आवळल्यावरही सरकला, तर बेअरिंग खोला.

फिरवून ऐका

चेन उतरवा, ब्रेकचा कॅलिपर बाजूला करा आणि एक्सल हाताने सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग आवाज करत नाही. गंजलेलं किंवा वाळू गेलेलं बेअरिंग किरकिरतं, मध्येच अडखळतं, आणि ते हाताला जाणवतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅरिअरवर आणि मूठ कानाला लावली की शंका राहत नाही. कॅलिपर काढल्यावर आवाज थांबला, तर तो ब्रेकचा होता.

एक्सल वाकलाय का?

जाड तार स्विंगआर्मला बांधून तिचं टोक एक्सलच्या गुळगुळीत भागाजवळ, जेमतेम न टेकेल असं ठेवा आणि एक्सल फिरवा. फट कमी-जास्त झाली तर एक्सल वाकलाय. ही तपासणी रिमवर करू नका. दगडावर आपटून रिमही वाकते. किती वाक चालतो ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि ते मोजायला डायल गेज लागतो. चेन एका फेऱ्यात घट्ट आणि सैल होत राहणं, ही वाकलेल्या एक्सलची किंवा असमान झिजलेल्या स्प्रॉकेटची खूण.

स्प्लाइन आणि लाल भुकटी

हब आणि एक्सल एकमेकांवर घासले की सांध्यातून तांबूस भुकटी निघते. आपल्याकडे अडचण अशी की जांभ्याची मातीही लालच! म्हणून हब पुसून कोरडा करा, थोडं चालवा, पुन्हा बघा. माती सगळीकडे बसते. भुकटी फक्त सांध्याच्या रेषेत दिसते. खात्रीसाठी एक चाक घट्ट धरून दुसरं मागे-पुढे फिरवा. टक्‌ असा आवाज आला की दाते गेले.

खोलल्यावर

सील फाटलंय का, ग्रीस दुधाळ झालंय का ते पाहा. दुधाळ म्हणजे आत पाणी. किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, आणि एक्सलच्या दृष्टीनेही ती बरीच! खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा झोत सीलवर मारू नका.

बेअरिंग काढल्यावर एक्सलवरची त्याची बैठक बोटाने चाचपा. तिथे खाच किंवा निळसर छटा असेल तर आतली रिंग एक्सलवर घसरून फिरत होती, आणि तिथे नवंही टिकणार नाही. लेथवाले वेल्डिंग भरून बैठक करून देतात. पण त्या उष्णतेने सरळ एक्सलही वाकू शकतो; मी नवा एक्सल घेईन. कॅरिअरच्या भोकाला स्लीव्ह घालणं मात्र चालतं.

दुकानात जाताना जुन्या बेअरिंगवरचा नंबर घेऊन जा. ६२०६ मधल्या शेवटच्या ०६ ला ५ ने गुणलं की आतलं भोक मिळतं, ३० मिमी. '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, तेच घ्या. 'झेडझेड'ला पत्र्याचं झाकण असतं, ते पाणी अडवत नाही. दोन्ही बेअरिंग जोडीने बदला, मधला स्पेसर (दोन बेअरिंगमध्ये अंतर राखणारी नळी) विसरू नका, आणि कॅरिअरमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्या. पहिल्या फेरीनंतर लॉकनट पुन्हा तपासा आणि कॅरिअरला हात लावून बघा. चटका बसण्याइतकं तापलं असेल तर परत खोलावं लागेल.