टिल्ट ट्रेलर निसरडा झाला की एटीव्ही वर कशी चढवायची

अमेरिकेत मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात ऑक्टोबरची सकाळ, ट्रेलच्या पार्किंगमध्ये ट्रेलरच्या प्लायवूडवर दहिवर गोठलेलं, आणि आम्ही तिघं जण दोन एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या, हँडलच्या चारचाकी गाड्या) घेऊन परत निघायच्या घाईत. मित्राने पहिली गाडी वर घातली, मागची चाकं फळीवर आली आणि तिथेच गरगरायला लागली, त्याने अजून थ्रॉटल दिला (सगळे हेच करतात, मीही केलंय), मागचा भाग डावीकडे घसरला, मग कुठेतरी कोरडी जागा लागली आणि गाडी एकदम पुढे उसळली. ट्रेलरचा बेड, म्हणजे फळ्यांचा तळ, धाडकन खाली आपटला आणि पुढचा आडवा बार वाकला. कोणाला लागलं नाही हे नशीब. त्यानंतर दोन सीझन आम्ही जे करतोय ते लिहितो.

आधी ट्रेलर समजून घ्या. टिल्ट ट्रेलरचा बेड ॲक्सलजवळ बिजागरीवर बसवलेला असतो, पुढची पिन काढली की मागचं टोक जमिनीला टेकतं, तोच तुमचा रॅम्प. गाडी चढत चढत ॲक्सलच्या पुढे गेली की वजन पलीकडे पडतं आणि बेड आपोआप खाली बसतो. ज्याने गावाकडे बैलगाडीत ऊस भरलाय त्याला हे सांगायलाच नको, मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, पुढे जास्त झालं की धुरजड होते. इथे आपण ती मुद्दाम उलाळ करून ठेवतो आणि मग मधेच कधीतरी ती बसते. ती बसायची वेळ आपल्या हातात ठेवायची, बाकी सगळं त्यासाठीच.

म्हणून ट्रेलर कारला जोडल्याशिवाय काहीही चढवायचं नाही. युटिलिटी एटीव्ही सहज ३०० किलोच्या वर जाते, न जोडलेल्या ट्रेलरच्या मागच्या टोकावर ती आली की पुढची दांडी हवेत. कार पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कारच्या आणि ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. ओल्या गवतावर नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको, कार उभी राहते पण चाकंच घसरतात. आणि एक सोपी युक्ती, जागा असेल तर ट्रेलरचं मागचं टोक एखाद्या छोट्या चढाकडे करून लावा, बेड जमिनीला लवकर टेकतो आणि चढ निम्मा कमी होतो. आम्ही हे शोधायला एक वर्ष घालवलं.

आता निसरडेपणा. चढवायच्या आधी बेड झाडून घ्या, ओली पानं आणि चिखल बर्फापेक्षा वाईट. एटीव्हीच्या टायरमधला चिखलही काठीने काढा, नाहीतर चांगल्या खाचा असूनही चाक गुळगुळीत. तिथल्या तिथे उपाय म्हणजे कोरडी वाळू, एक बादली कायम कारमध्ये असते आमच्या. काही लोक मांजराच्या डब्यातली माती टाका म्हणतात, पण त्यातली मातीवाली जात पाण्यात पडली की चिकट लगदा होतो, स्वानुभव आहे. मीठ बर्फ वितळवतं पण ट्रेलरचं लोखंडही खातं. रबरी मॅट नुसती अंथरू नका, स्क्रूने पक्की करा, नाहीतर चाक फिरलं की मॅटच मागे फेकली जाते आणि मागे माणूस उभा असेल तर त्याच्या नडगीवर.

कायमचा उपाय घरी करा, एका शनिवारचं काम आहे. जिथून चाकं जातात त्या दोन पट्ट्यांवर ओल्या पेंटवर कोरडी वाळू भुरभुरवायची, वाळला की वरून अजून एक हात. किंवा जाळीदार लोखंडी पत्रा बोल्ट करायचा. सगळ्यात स्वस्त म्हणजे दर फूटभर अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या मारायच्या, कोंबड्यांच्या शिडीला असतात तशा. दिसायला काही खास नाही, पण आमच्याकडे हेच टिकलंय.

चढवताना माझं मत सरळ आहे, बेड ओला असेल तर बसून चढवूच नका, विंच (ड्रमवर दोरी गुंडाळत ओढणारं मोटरचं यंत्र) वापरा. बऱ्याच एटीव्हींना पुढे विंच असतेच. दोरी ट्रेलरच्या पुढच्या वेल्ड केलेल्या कडीला लावा (वाकलेल्या बारला नाही!), गाडी न्यूट्रल, सीटवर कोणी नाही, रिमोट हातात घेऊन बाजूला उभं राहायचं आणि हळूहळू ओढायचं. ड्रमवर तारेची दोरी असेल तर निदान ५ आणि सिंथेटिक असेल तर निदान १० वेढे शिल्लक हवेत, हातात ग्लोव्ह्ज, ताणलेल्या दोरीवर एखादं जाड जॅकेट टाकून ठेवा म्हणजे तुटलीच तर फटका हवेत जात नाही. गाडी ॲक्सलजवळ आली की थांबा. मग दोन-दोन सेकंद बटण दाबून ओढा, बेड हळू बसतो, त्या ऑक्टोबरसारखा आपटत नाही. बेडखाली पाय किंवा पिनजवळ बोटं, दोन्ही नको. मुलं आणि कुत्रा आधीच कारमध्ये.

बसून चढवायचीच असेल तर हेल्मेट घालून, फोर व्हील आणि लो गिअरमध्ये, अंग पुढे झुकवून, एकाच धीम्या गतीने. झटका दिला तर दोनच गोष्टी होतात, चाक घसरतं किंवा गाडी मागे उलटते. चाक फिरायला लागलं की थ्रॉटल सोडा, ब्रेक धरा आणि गाडी सरळ मागे उतरवा, अर्ध्यावर हँडल वळवायचा मोह आवरा. मागे कोणीही उभं राहायचं नाही, "मी ढकलतो ना" म्हणणारा तर अजिबात नाही.

दुसरी गाडी मागोमाग चढवायची असेल तर इथे लोक फसतात. पहिली पुढे बसली की बेड तिच्या वजनाने सपाटच राहतो, पुन्हा टिल्ट होत नाही. मग पिन लावा, पहिली गाडी बांधा, आणि दुसरीसाठी वेगळे रॅम्प घ्या, ते ट्रेलरला स्ट्रॅपने अडकवलेले हवेत नाहीतर चाकाच्या झटक्याने मागे निसटतात. दुसरीची चाकं मागच्या काठावर येताना ट्रेलर पुन्हा उलाळायला बघतो आणि कारचं मागचं टोक वर उचलतो, म्हणून ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली लाकडाचे ठोकळे रचायचे.

पिन लागली का हे प्रत्येक वेळी हात लावून बघा. नुसतं बघून चालत नाही, थंडीत ती अर्धी आत जाऊन अडकते.

बांधताना चार स्ट्रॅप, आधी पुढचे दोन, मग मागचे. सामानाच्या रॅकला अडकवू नका, फ्रेमला किंवा खालच्या मजबूत भागाला. सस्पेन्शन साधारण निम्मं दबेपर्यंत ताणा, गिअर पार्कमध्ये. स्ट्रॅपवर दोन आकडे असतात, तुटायचा आणि वापरायचा, वापरायचा हा तुटायच्या एक तृतीयांश असतो, तोच धरा. स्ट्रॅपला एक पीळ द्या म्हणजे हायवेवर फडफडून भुणभुण करत नाही, मॅकिनॉ ब्रिजवरच्या वाऱ्यात आमची ती भुणभुण आठ किलोमीटर ऐकलीये.

वजनाचा हिशोब असा, ट्रेलर आणि माल मिळून जितकं असेल त्याच्या १० ते १५ टक्के कारच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या भागावर) यायला पाहिजे. ट्रेलर २०० किलो, दोन गाड्या ६५० म्हणजे ८५० किलो, तर हिचवर ८५ ते १२५ च्या आसपास. त्याहून कमी आलं तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो, गाड्या थोड्या पुढे घ्या. सेफ्टी चेन दांडीखालून क्रॉस करून लावा, लाइट बघा, निघा. १५-२० मिनिटांनी थांबून स्ट्रॅप पुन्हा ताणा, सस्पेन्शन बसतं आणि ते सैल होतात.

उतरवताना कार जोडलेली आणि ठोकळे लावलेलेच ठेवा, आधी रॅम्प लावून मागची गाडी उतरवा. पुढचीला विंच लावून मगच तिचे स्ट्रॅप आणि पिन काढा, दोरी सोडत सोडत ती मागे येऊ दे, ॲक्सल ओलांडली की बेड मागे झुकतो. उलट क्रमाने केलं तर काय होतं ते आमच्या शेजाऱ्याच्या मेलबॉक्सला माहिती आहे.