गोसेखुर्दच्या काठावर गावाचं पर्यटन कसं उभं करायचं

नागपूरची नाग नदी कन्हानात जाते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत मिळते, अन् तेच पाणी पुढं गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमधे येऊन थांबते, म्हणजे शहराचं सांडपाणी आपल्या गावाच्या दारात. पण आंभोऱ्याचा संगम अन् नवा पूल पाहाले लोक येऊन राहिले, तर बाहेरचा ठेकेदार येऊन बसायच्या आधी गावानंच हे हातात घ्या.

पहिले ग्रामसभेत विषय घ्या, अन् त्याच्या आधीच्या महिला सभेतही. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना पुढं बसवा. पाणी कुठं खोल आहे, बुडालेल्या झाडांचे खुंट कुठं आहेत, हिवाळ्यात पक्षी कोणत्या बाजूला उतरतात हे त्यांच्याएवढं कोणालेच माहीत नाही, मासोळी कमी झाली त्याचा पहिला फटकाही त्यांनाच बसला. म्हणून डोंगा चालवायचा अन् गाईडचं काम करायचा पहिला हक्क मच्छीमार सोसायटीचा, असा ठरावच लिहून घ्या.

मग पाणी तपासा, हे टाळू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. आंघोळीच्या पाण्यात बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते माप) लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे अन् विरघळलेला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅमच्या वर, रिपोर्ट काहीही येवो, घाटावर मोठ्या अक्षरात मराठीत बोर्ड लावा. आकडा खराब असेल तर पाहुण्याला पाण्यात उतरू देऊ नका, गिऱ्हाईक गेलं तरी चालते, पण लेकरू आजारी पडलं नाही पाहिजे. हेच रिपोर्ट दरवेळी फाईलला लावत चला, सांडपाण्यावर प्रक्रिया करा म्हणून निवेदन देताना तेच कामी येतात.

बोटिंगसाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते, लाईफ जॅकेटशिवाय कोणालेच बसवू नका. इकॉर्निया (जलपर्णी) काढला की काठावरच टाकू नका, पावसात परत पाण्यात जाते, दूर नेऊन खत करा.

जेवण बचत गटाकडं द्या. चिन्नोरचा भात, पाटोडीचा रस्सा, एवढं पुरते. मासे ठेवायचे तर चांगल्या पाण्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातले आणा, कुठले आहेत ते पाहुण्यांना सांगा.

पैशाचं सुरुवातीलेच ठरवा भाऊ, नाहीतर गाव फुटते. पावती पुस्तक एकच, डोंगेवाल्याचा हिस्सा त्याच दिवशी हातात, घाट सफाईचा हिस्सा वेगळ्या खात्यात, अन् महिन्याचा हिशोब पंचायतीच्या भिंतीवर.