गॅस बंद केल्यावर घालायची पानं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गवती चहाचं ठोंब माझ्या लग्नाआधीपासून आहे. सासूबाईंनी लावलेलं. त्याचेच फुटवे सोडवून दर पावसाळ्यात मी नव्या कुंडीत लावते. संध्याकाळी पाचला आमच्याकडे पाल्याचा, म्हणजे गवती चहा, तुळस आणि पुदिन्याचा चहा होतो. तो पिऊन जेवणानंतरचं जडपण जातं, घसा मोकळा वाटतो. एवढंच मी त्याच्याबद्दल म्हणेन. हा चहा आहे, औषध नाही.

घरी कुंडी नसेल तर खंडेराव मार्केटात जा. तिथे गवती चहाला 'लीली चा' म्हणायचं आणि पुदिन्याला 'फुदीनो'. लीली चा म्हणजे हिरवा चहा खरा, पण पाकिटातल्या ग्रीन टीशी त्याचा संबंध नाही. ग्रीन टी ही चहाच्याच झाडाची पानं, त्यांत कॅफीन असतं. आपल्या पानांत ते नसतं, म्हणून रात्रीही हा चहा चालतो. पुदिना मात्र दोन-तीन पाण्यांतून काढा, बुडाशी माती राहते.

तुळस मी वृंदावनातली घेत नाही. चहासाठी गच्चीवर वेगळी कुंडी आहे. तिच्या मंजिऱ्या खुडत राहिलं की पानं भरपूर येतात.

दोन कपांसाठी अडीच कप पाणी घ्या. गवती चहाची तीन-चार लांब पाती कात्रीने बोटभर कापा. हाताने ओढू नका, कडा धारदार असतात, बोट चिरतं. पाती आणि ठेचलेलं पेरभर आलं आधणात टाकून चार मिनिटं उकळा. पाती चिवट असतात, त्यांना उकळी लागते. तुळस-पुदिना मात्र नाजूक. नवी सून असताना मी सगळंच एकदम दहा-दहा मिनिटं उकळायची. स्वयंपाकघरभर वास सुटायचा आणि कपात उतरायचा कडवटपणा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वास बाहेर गेला तर प्यायला काय उरलं?" पानांतलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. तेव्हापासून गॅस बंद केल्यावरच तुळशीची आठ-दहा आणि पुदिन्याची सहा-सात पानं हातावर चुरडून घालते आणि लगेच झाकण ठेवते. पाच मिनिटांनी झाकण काढलंत की आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. ते पातेल्यातच झटका, वास त्यांत असतो. मग गाळा. मध हवा असेल तर कोमट झाल्यावर घाला.

ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी पुदिना वगळावा. रक्त पातळ करायच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, किंवा दिवस गेले असतील, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी स्वतः दिवसाला दोन कपांपुढे जात नाही.

पानं वाळवायची तर एप्रिल-मेमध्ये. उन्हात नाही, खोलीत, धोतराच्या जुन्या कापडावर पसरून. आमच्या बडोद्याच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत पान मुठीत कुरकुरतं. तसं कुरकुरल्याशिवाय बरणीत भरू नका. एका वर्षी मी घाईने जरा दमट पानं भरली आणि जुलैत अख्ख्या बरणीला बुरशी आली. वाळलेली पानं ओल्याच्या निम्मीच पुरतात, पण झाकण तितकाच वेळ ठेवायचं.