जुना दगडी वळण बंधारा: पावसाळा येण्यापूर्वी पहिल्यांदा पाझर तपासा, मग भिंत

वळण बंधारा म्हणजे नदीचं पाणी अडवून वीजघराकडे वळवणारी भिंत. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईला वीज मिळू लागली. त्या पिढीच्या चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती स्वतःच्या वजनावर उभ्या असतात. पाणी त्यांना मागून ढकलतं आणि भिंतीच्या पायात झिरपलेलं पाणी खालून उचलतं. हे उचलणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासणीची सुरुवात पाझरापासून करायची.

पाझर ९० अंशांच्या व्ही-नॉचवर, म्हणजे पाणी मोजायच्या पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेवर, मोजा. खाचेच्या कडेवरचं शेवाळ आधी पुसून घ्या, नाहीतर पाण्याची उंची खोटी दिसते. मोजपट्टी खाचेपासून मागे, पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर हवी. तिचा शून्य खाचेच्या खालच्या टोकाच्या पातळीत. ५ सेंमी उंचीला प्रवाह सेकंदाला साधारण ०.७७ लिटर, १० सेंमीला ४.४ लिटर. उंची दुप्पट, पाणी जवळपास साडेपाच पट! शेजारी त्या दिवशीची जलाशयाची पातळी लिहिलीच पाहिजे. वेगवेगळ्या पातळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. पाझराच्या पाण्याचा नमुना पारदर्शक बाटलीत भरून स्थिर ठेवा. तळाला माती बसली, तर पाझर कमी असला तरी त्याच दिवशी वरिष्ठांना कळवा. पायातला किंवा सांध्यातला माल वाहून जातोय.

जुन्या बंधाऱ्यांवर सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कमी झालेला पाझर. चुना विरघळून बाहेर येतो आणि निचऱ्याच्या भोकांत पांढरा, कडक थर धरतो. भोकं बुजली की नॉचवरचा आकडा उतरतो, पण पायाखालचा दाब चढतो. पातळी तीच असताना पाझर घटला, तर आधी भोकं सळईने तपासा, बुजलेली धुवून किंवा पुन्हा ड्रिल करून मोकळी करा आणि पिझोमीटर, म्हणजे पायाखालच्या पाण्याचा दाब दाखवणारं मापक, वाचा.

जास्त वीज मिळावी म्हणून माथ्यावर फळ्या लावून पाणी वाढवायचा मोह होतो. तो टाळाच. पाणी १० मीटरवरून १२ मीटरवर गेलं, की दर मीटर लांबीवरचा ढकल ५० टनांवरून ७२ टनांवर जातो आणि भिंत उलथवणारा जोर ७३ टक्क्यांनी वाढतो. मूळ रचनेत हा भार धरलेला नसेल, तर नव्याने गणित केल्याशिवाय एकही फळी नको.

गाळ काढायचा दरवाजा वर्षानुवर्षं बंद असेल, तर जोर लावून उघडू नका. दांडा वाकतो, किंवा दरवाजा अर्ध्यावर अडकून पाणी थांबवता येत नाही. आधी वरच्या बाजूचा गाळ मोजा, तारदोर व गिअर तपासा, भोंगा वाजवून नदीपात्र रिकामं करा, मग थोडासा उघडून लगेच बंद करून बघा. डिझेल जनरेटर आणि हाताचं हँडल, दोन्हींवर चाचणी घ्या. पुरात वीज जातेच.

भिंतीतली पिंपळ-उंबराची कोवळी रोपं मुळासकट काढा. मोठं झाड उपटू नका, दगड सुटतात; कापून मूळ मारा आणि सांधा पुन्हा भरा.

बुटक्या सांडव्याखाली पाणी वरून शांत दिसलं, तरी उलटा फिरणारा प्रवाह माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढतो. फलक आणि दोर वरच्या बाजूलाही हवेत. बुडणाऱ्याला दोर किंवा रिंग टाका, त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात येणाऱ्या धरणांना पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी सक्तीची आहे, शिवाय पूर आणि भूकंपानंतरही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला, खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. धक्का बसल्यावर भिंतीवरची तशीच जागा प्रथम तपासा आणि पाझराची नोंद आकडे स्थिरावेपर्यंत रोज घ्या.